धोका वाढला की विमा पळतो



विम्याची गोष्ट निघाली की आपण पिकापाशी थांबतो. पण ज्या घरात वेचलेला कापूस भरतो, ज्वारीची पोती रचतो, त्या घराचा विमा किती जणांनी उतरवला आहे? भर सभेत विचारले तर एखादाच हात वर येईल. आणि ज्यांनी उतरवला होता त्यांचे तरी काय झाले?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात वणवे वाढत गेले. तेथे सरकारच्या मंजुरीशिवाय कंपनीला हप्ता वाढवता येत नाही. मे २०२३ मध्ये 'स्टेट फार्म' या बड्या कंपनीने नव्या घरांचा विमा उतरवणेच थांबवले. मार्च २०२४ मध्ये सुमारे ३० हजार जुन्या घरांच्या पॉलिसी पुढे चालवणार नाही, असे तिने जाहीर केले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या परिसरात १६ हजारांवर इमारती जळून गेल्या.

कारण सरळ आहे. शंभरांनी थोडे थोडे भरायचे, एकाचे घर गेले तर त्यातून उभे करायचे, हा विम्याचा हिशेब. शंभरातली चाळीस घरे एकदम जाऊ लागली की हिशेब मोडतो. मग हप्ता वाढतो, नाहीतर कंपनी निघून जाते.

आपल्या पिकाचे वेगळे काय झाले? २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. २०२५ च्या खरिपात तो गेला. ज्वारीला २ टक्के, कपाशीला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आला. वर स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान ही कलमे गळाली. उरले ते फक्त मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरचे संरक्षण. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यातली शेते पाण्याखाली गेली.

आणखी एक मेख आहे. उंबरठा उत्पन्न ठरते ते मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून. एक साल दुष्काळाचे, एक अतिवृष्टीचे, असे चालले की ही सरासरीच खाली बसते. नुकसान वाढते तसे संरक्षण घटते.

घर पडले तर उरते सरकारी मदत. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये, गोठ्याला ३ हजार. तीन हजारांत गोठ्यावरचे पत्रे तरी येतात का?

मदत ही मेहेरबानी असते, विमा हा करार असतो. म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्या ठरवूया. स्थानिक आपत्तीचे कलम पीकविम्यात कायमचे असावे. पिकाच्याच अर्जात घर आणि गोठ्याचाही विमा उतरवता यावा. आणि कंपनी पाठ फिरवील तेथे सरकारने स्वतः विमा उतरवावा. पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहत बसण्यापेक्षा करारावर बोट ठेवून हक्क मागता आला पाहिजे.