सात चौरस इंच

मोपाच्या विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली आणि आरोंद्याच्या दारात नवे गिऱ्हाईक आले. विमानातून उतरायचे, पेडणे तालुक्यातून किरणपाणीचा पूल ओलांडायचा, की आलेच आरोंदा. तेरेखोलच्या खाडीत होडीची फेरी, दुपारी माशाचे जेवण, जमल्यास रात्रीची वस्ती, जाताना काजू. पाहुणा खूश होऊन निघतो आणि घरधनी त्याच्या हातात कार्ड ठेवतो. घोळ तिथे होतो.

कार्ड असते कसे? वर मधोमध ‘॥ श्री सातेरी भद्रकाली प्रसन्न ॥’, एका कोपऱ्यात गणपती, दुसऱ्यात माड. मध्ये मालकाचे नाव आणि त्याची गावातली सगळी पदे. खाली होमस्टे, बोटिंग, काजूगर, आगळ आणि शेवटी ‘जमीन खरेदी-विक्रीचे व्यवहार केले जातील’. तीन मोबाइल नंबर, त्यातला एक बंद. मग ‘मु. पो. आरोंदा, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग’. पाठ कोरी. देवीचे नाव जरूर असावे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिच्याखालोखाल पाहुण्याला काय दिसायला हवे, याचा विचार ना मालकाने केलेला असतो, ना डीटीपी करणाऱ्याने.

आपल्याकडचे कार्ड साडेतीन इंच लांब आणि दोन इंच रुंद, म्हणजे जागा एकूण सात चौरस इंच. गुंठ्यागुंठ्यासाठी भावाशी कोर्टात भांडणारे आपण लोक ही सात इंच जागा मात्र अशी उधळून देतो! कार्ड पाकिटात जाते आणि सहा महिन्यांनी बाहेर येते. तेव्हा ते हातात घेणारा बहुतेक वेळा पाहुण्याचा मित्र किंवा मेहुणा असतो. त्याने मालकाला कधी पाहिलेले नसते. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: इथे मिळते काय आणि पोचायचे कसे. ‘मु. पो.’चा पत्ता पोस्टमनच्या सोयीचा. गाडीवाल्याला ‘किरणपाणी पुलावरून इतके किलोमीटर, अमुक देवळाजवळ’ असे हवे. त्यासाठी कोरी पाठ आहेच की. तिथे चार रेघांचा नकाशा काढा, नाहीतर गुगल मॅपवरच्या जागेचा क्यूआर कोड छापा, निदान दोन सेंटिमीटरचा. हल्ली काही जण तिथे पैसे घेण्याचा क्यूआर छापतात. पाहुणा अजून यायचा आहे आणि आपला हात आधीच पुढे!

नंबर एकच, जो उचलला जातो तो. आकडे मोठे, पाच-पाचच्या दोन गटांत. देवनागरी अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून इंग्रजीच्या मापाने बारीक केलेले मराठी नाव वाचवत नाही. सोनेरी शाईतले तर नाहीच नाही. कागद 300 जीएसएमचा घ्या. पातळ कार्ड आपल्या पावसाळ्यात आठवड्यात वाकते. चकचकीत लॅमिनेशनवर पेन चालत नाही, तेव्हा एक बाजू साधी ठेवा. खोलीचा दर, भरतीची वेळ तिथे हाताने लिहून देता येते आणि हाताने लिहिलेले कार्ड माणूस सहसा टाकत नाही.

यासाठी मुंबईचा डिझायनर गाठायला नको. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे कारागीर आहेत. दशावतारी गंजिफेत 120 पाने, प्रत्येक अवताराची बारा. पार्श्वभूमीचा रंग पाहूनच पान कोणत्या अवताराचे ते कळते, आणि राजा, प्रधान की साधे पान, हेही तळहाताएवढ्या गोल तुकड्यावर डोळ्यांना ताण न देता ओळखू येते. एवढ्याशा जागेत काय ठेवायचे आणि काय गाळायचे, ही विद्या आपल्याच तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण मात्र प्रेसवाल्याच्या संगणकातला तयार माड उचलतो.

म्हणून एकच विनंती. हजार प्रतींची ऑर्डर देण्याआधी कच्चा नमुना गावाबाहेरच्या, चाळिशी लागलेल्या कुणाला तरी चष्मा काढून वाचायला द्या. धंदा कोणता ते त्याने सांगितले आणि नंबर न अडखळता वाचला, तरच छापा.