परीक्षा कोणाची?

एजंटांना परीक्षा लागली म्हणून आमच्या ऑफिसात सगळे खूष. अहो, पण कुठल्या एजंटांना? २०१६च्या रेरा कायद्याचं कलम ९ वाचा. नोंदणी लागते ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्याला. महारेराने २०२३मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली तीही त्यालाच. विनानोंदणी धंदा केला तर रोजचे १०,००० रुपये दंड. उत्तम! पण भाड्याचा फ्लॅट दाखवून महिन्याचं भाडं खिशात घालणारा? चाळीस वर्षं जुन्या सोसायटीतलं घर विकून देणारा? त्यांना ना नोंदणी, ना परीक्षा. आणि च्यायला, माझ्यासारख्या भाडेकरूची गाठ दर ११ महिन्यांनी नेमकी पडते ती याच मंडळींशी! बिल्डरच्या एजंटची तक्रार निदान महारेराकडे तरी करता येते. याची कुठे करायची?