लिटरली म्हणजे खरंच?

'मी लिटरली मेले!' कॅन्टीनमध्ये पाच मिनिटं बसा, हे वाक्य कानावर पडणारच. बोलणारी मात्र समोर मस्त मिसळ ओरपत असते. 'लेक्चर लिटरली संपतच नव्हतं', 'सरांनी लिटरली खाल्लं मला', 'रिझल्ट बघून लिटरली अटॅक आला'... आठवून बघा, आज सकाळपासून तुम्ही स्वतः कितीदा म्हणालात?

हा शब्द आलाय लॅटिनमधल्या 'लिटेरा'वरून. लिटेरा म्हणजे अक्षर. म्हणजे लिटरली हा आपल्या 'अक्षरशः'चा सख्खा भाऊच. 'मी फेकत नाहीये, शब्द न शब्द खरा आहे' हे सांगायला तो जन्माला आला आणि आपण वापरतो नेमका फेकताना!

यावरून आपल्या पिढीला बोल लावणाऱ्यांना एक सांगायला हवं. ही सवय आपण लावलेली नाही. मार्क ट्वेनच्या 1876 च्या 'टॉम सॉयर'मध्ये टॉम मित्रांकडून कुंपण रंगवून घेतो आणि मग 'लिटरली' संपत्तीत लोळतो. संपत्ती कसली, तर गोट्या, पतंग आणि एक मेलेला उंदीर! मेरियम-वेबस्टरच्या डिक्शनरीत तर 1909 पासून हा अर्थ आहे. आणि 'लोकलमध्ये अक्षरशः जीव गेला' असं आपले आईबाबाही घरी येऊन धडधाकटपणे सांगतातच की! तेव्हा व्याकरणाच्या नावाने गळा काढण्यात अर्थ नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. मागच्या वर्षी आमच्या ग्रुपवर एका मित्राचा मेसेज आला, 'दोन दिवस लिटरली काही खाल्लं नाहीये.' आम्ही धडाधड हसण्याचे इमोजी टाकले. एकाने विचारलं, 'डाएट का रे?' तो पुढे काहीच बोलला नाही. नंतर कळलं, मेस बंद होती, घरून पैसे आले नव्हते आणि थेट मागायची त्याला लाज वाटत होती. त्याने बिचाऱ्याने अगदी बरोबर शब्द वापरला होता. आम्हीच तो घासून घासून गुळगुळीत करून ठेवला होता.

म्हणून एक सोपी युक्ती. 'लिटरली' तोंडावर आला की तो काढून वाक्य म्हणून बघा. काही बिघडलं नाही ना? मग राहू द्या. 'जाम', 'लय', 'भयंकर' असे एकाहून एक झणझणीत शब्द आपल्याकडे पडून आहेत, ते वापरा की! लिटरली जपून ठेवा, खरं सांगायची वेळ येईल तेव्हासाठी.

आणि दुसऱ्या कुणी 'लिटरली' म्हटलं, तर इमोजी टाकण्याआधी एकदा विचारा, 'खरंच का रे?' दहातल्या नऊ वेळा तो हसेल. दहाव्या वेळेसाठी विचारायचं.