आधी पाहणी, मग खोदाई

गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठका सुरू झाल्या की बडोद्यातील आपल्या मंडळांकडून एक मागणी हमखास होते. मिरवणुकीच्या मार्गावरील विजेच्या तारा जमिनीखाली घ्या, ही ती मागणी. मागणी रास्तच आहे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या जुन्या भागांत गल्ल्या अरुंद, घरे जुनी आणि सज्जे तारांना लागून. लटकती तार बांबूने वर उचलून मूर्ती पुढे काढणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पावसाळ्यात खांब आणि तारा हा रोजचाच घोर. तेव्हा तारा जमिनीखाली जाव्यात, याबद्दल दुमत नाही.

प्रश्न आहे तो या मागणीच्या शेपटीला आपण जोडतो त्या शब्दांचा: ‘उत्सवाच्या आत’. नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, त्याला ही घाई सोयीची असते. उद्घाटनाचा नारळ फुटतो, जेसीबी येतो आणि चर खणायला लागतो. त्या चराच्या वाटेवर खाली काय काय आहे, हे कोणी पाहिले का, असे मात्र कोणी विचारत नाही. आमचे म्हणणे एवढेच की खोदाईची तारीख मागण्याआधी पाहणीचा नकाशा मागा.

बडोद्याच्या रस्त्याखाली काय आहे, हे जुन्या घराण्यांना सांगायला नको. महाराज सयाजीराव गायकवाडांनी आजव्याचे तळे बांधले आणि 1890च्या दशकात नळाचे पाणी शहरात आणले. त्यावर पुढच्या प्रत्येक पिढीने आपापली भर घातली. मैलापाण्याची गटारे आली, पावसाचे पाणी नेणाऱ्या कांसा आल्या, टेलिफोनच्या तारा आल्या. घरोघरी नळाने गॅस पुरवणाऱ्या देशातील पहिल्या शहरांत बडोद्याची गणना होते. ती गॅसची जाळी 1970च्या दशकापासून वाढत आली. अलीकडे फायबरच्या केबल आल्या. शिवाय बुजवलेल्या विहिरी, जुने खाळकुवे आणि वाड्यांची टाकी आहेतच. रस्ता रुंद झाला तेव्हा त्यांतली काही रस्त्याखाली गेली.

एवढ्या गर्दीत नवी केबल कुठे बसवायची? भारतीय मानक 1255 (1983) याबाबत स्पष्ट आहे. घरगुती दाबाची केबल किमान 75 सेंटिमीटर खोल, 11 किलोव्होल्टपर्यंतची 90 सेंटिमीटर, 33 किलोव्होल्टची 1.05 मीटर खोल हवी. पाण्याच्या वा गॅसच्या मुख्य नळापासून आणि दूरसंचाराच्या केबलपासून 30 सेंटिमीटर अंतर हवे. कागदावर हे सोपे आहे. पण शेजारचा नळ नेमका कुठे आहे हेच माहीत नसेल, तर हे 30 सेंटिमीटर मोजायचे कशापासून?

धक्का लागला तर काय होते, तेही पाहू. नळ फुटला तर पाणी वर येते आणि निदान कळते तरी. गटाराच्या नळाला तडा गेला तर लगेच काही दिसत नाही. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येते. पुरवठा बंद झाला की नळातला दाब उतरतो आणि सांध्यांतून, चिरांतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. डिसेंबर 2025 मध्ये इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले आणि माणसे दगावली. तो प्रकार केबलच्या खोदाईचा नव्हता. पण दोन नळांतले अंतर आणि त्यांची अवस्था ठाऊक नसणे किती महाग पडते, हे त्याने दाखवून दिले. गॅसचे तर विचारूच नका. दक्षिण कोरियातील देगू शहरात 28 एप्रिल 1995 रोजी बांधकामाच्या जागी छिद्र पाडताना गॅसचा नळ भेदला गेला. गॅस गटारातून वाहत भुयारी रेल्वेच्या कामापर्यंत पोहोचला आणि स्फोटात 101 माणसे मेली. गळती एका जागी आणि मृत्यू दुसऱ्या जागी, असे गॅसचे असते. आणि जुन्या विजेच्या केबलचे वरचे कवच कुदळीने सोलले गेले, तर ती महिनोन्महिने चालत राहते. पावसाची ओल आत शिरली की भर पावसात अख्खा मोहल्ला अंधारात.

‘पण कॉर्पोरेशनकडे नकाशे आहेत ना?’ असे कोणी विचारील. आहेत, आणि त्यांचे मोलही आहे. मात्र पुष्कळ जुन्या नकाशांत जे आखले ते ठरवलेले काम असते; प्रत्यक्षात नळ कुठे बसला हे त्यात नसते. मापे एखाद्या भिंतीपासून वा झाडापासून घेतलेली असतात; ती भिंत पडली, झाड गेले. ‘रस्त्यापासून तीन फूट खाली’ अशी नोंद असते. त्यानंतर त्या रस्त्यावर डांबराचे किती थर चढले कोण जाणे! आणि मुख्य नळापासून प्रत्येक घरात शिरणारी आडवी जोडणी तर बहुधा कोणत्याच कागदावर नसते. पोळीतल्या वा वाड्यातल्या अरुंद गल्लीत अशा जोडण्या दर चार पावलांवर असतात.

म्हणून पाहणी. ती चार पायऱ्यांनी होते. पहिली, पाणी, ड्रेनेज, गॅस, वीज, दूरसंचार अशा सर्व खात्यांचे कागद एकत्र करणे. दुसरी, जागेवर फिरून मॅनहोल, व्हॉल्व्ह, खांब, मीटर पाहून ते कागदाशी ताडणे. तिसरी, यंत्राने शोध. चौथी, हाताने खणलेले चाचणी खड्डे. ब्रिटनच्या मानक संस्थेने 2014 साली याचे मानक काढले आणि 2022 साली ते सुधारले. त्यातला मुद्दा आपल्या कामाचा आहे. नकाशावरची प्रत्येक रेघ कशावरून काढली, कागदावरून, यंत्रावरून की डोळ्यांनी पाहून, हे त्या रेघेजवळच कळले पाहिजे.

यंत्रांवरही आंधळा विश्वास नको. केबलभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून तिचा माग काढणारे यंत्र प्रवाह वाहत असलेली केबल दाखवते. प्रवाह नसलेली केबल मात्र गप्प बसते. लोखंडी नळावर संकेत सोडून तो शोधता येतो, पण गॅसच्या पिवळ्या प्लास्टिक नळाबाबत आणि चिनीमातीच्या गटाराबाबत हे यंत्र मुके. तिथे जमिनीत रेडिओ लहरी सोडणारे रडार कामी येते. पोकळ्या, बुजवलेल्या विहिरीही ते दाखवू शकते. परंतु काळ्या, चिकण मातीत, त्यातही ती ओली असेल तर, या लहरी मीटरभरातच विझू शकतात. विश्वामित्रीच्या काठच्या शहराने हे विसरू नये. पाहणी उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना करावी. आणि शंका उरेल तिथे खड्डा खणून डोळ्यांनी पाहावे, याला पर्याय नाही.

हल्ली चर न खणता यंत्राने आडवे भोक पाडून केबल ओढतात. रस्ता फुटत नाही म्हणून लोक खूश होतात. पण चर खणणाऱ्या मजुराला नळ निदान दिसतो. आडव्या भोकात काहीच दिसत नाही. पाहणीची गरज तिथे कमी होत नाही, वाढते.

केंद्र सरकारने 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू केले. ते घडवण्यात गांधीनगरच्या भास्कराचार्य संस्थेचा वाटा आहे. बेसुमार खोदाईने देशाचे वर्षाला सुमारे 3000 कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारनेच त्या वेळी सांगितले. खोदणाऱ्याने जागा कळवायची आणि तिथल्या नळ-केबलच्या मालकांना सूचना जायची, अशी ही सोय आहे. ती वापरलीच पाहिजे. पण मालकाला स्वतःलाच जे ठाऊक नाही ते अॅप कुठून सांगणार?

खर्चाचा आक्षेप येईलच. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनासाठी पर्ड्यू विद्यापीठाने 71 रस्ते-प्रकल्पांचा अभ्यास केला होता (1999). पाहणीवर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे 4.62 डॉलर वाचले, असा त्याचा निष्कर्ष निघाला. बडोद्याचा आकडा वेगळा असेल. हिशेबाची दिशा तीच राहील. फुटलेला नळ, टँकरचे पाणी, बंद दुकाने आणि पुन्हा उखडलेला रस्ता यांची किंमत आज ठेकेदाराच्या बिलात दिसत नाही, कारण ती गल्लीतले लोक भरतात.

यात आपल्या समाजाला एक खास काम आहे. पाणीपुरवठा, बांधकाम, वीज या खात्यांत आयुष्य घालवलेली वडीलधारी मंडळी आपल्या घराघरांत आहेत. कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेला, कुठल्या वाड्याची विहीर रस्त्यात गेली, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांची आठवण हा पुरावा नव्हे. पण यंत्र कुठे लावायचे आणि खड्डा कुठे खणायचा हे ती सांगू शकते. मंडळांनी आपापल्या गल्लीतील अशा ज्येष्ठांना भेटून त्यांच्या सांगण्यावरून साधा हाती काढलेला नकाशा तयार करावा आणि प्रभाग कार्यालयात देऊन पोच घ्यावी. हे ज्ञान माणसाबरोबर जाण्याआधी कागदावर उतरले पाहिजे.

कॉर्पोरेशन आणि वीज कंपनीकडे आपण चार गोष्टी लेखी मागाव्यात. पाहणीचा खर्च निविदेतच वेगळ्या बाबीखाली धरावा, म्हणजे ठेकेदाराला तो टाळण्याचा मोह होणार नाही. सर्व खात्यांचे प्रतिनिधी खोदाईपूर्वी एकत्र जागेवर यावेत आणि त्यांच्या सह्या घ्याव्यात. चाचणी खड्डे हातानेच खणावेत. ते पूर्ण होईपर्यंत जेसीबी आणू नये. काम संपल्यावर, चर बुजवण्यापूर्वी, केबल प्रत्यक्ष कुठे बसली याचे मोजमाप पक्क्या खुणेपासून घेऊन ते कॉर्पोरेशनकडे जमा व्हावे आणि तोवर अंतिम बिल निघू नये. उत्तर न मिळाल्यास माहितीचा अधिकार कायदा 2005 आहेच.

मते मागायला येणाऱ्या उमेदवारालाही हाच प्रश्न विचारावा. ‘तारा केव्हा खाली घालणार?’ याचे उत्तर प्रत्येकाकडे तयार असते. ‘खाली काय आहे ते पाहिले का?’ याचे उत्तर ज्याच्याकडे असेल, त्याने काम समजून घेतले आहे असे समजावे. एखाद्या वर्षी मिरवणूक तारांखालून जपून न्यावी लागली तरी चालेल. पण न पाहता खणलेल्या चराची किंमत आपल्या पुढच्या पिढीला पाण्याच्या पेल्यात मोजावी लागू नये.