देव काय सावकार हाय?

नवस बोलतात आणि नवस फेडतात. कर्जही फेडतात. भाषा फार इमानी असते. आपण जे झाकायला बघतो ते ती बोलून टाकते. देवाला आपण सावकार कधी केला हे आपल्याला उमगलं नसेल, पण मराठीला उमगलं होतं. मला ते उमगलं १९७३च्या आखाडात, गोठ्यातला रिकामा खुंटा बघून.

१९७२चा दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांना जास्त सांगायला नको. आमचा भाग सोलापूर जिल्ह्यातला, पावसानं कायम पाठ फिरवलेला. आई-आबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. कामावरची सुकडी आणि मिलोची तांबडी भाकरी यावर आम्ही पोरं जगलो. त्यातच धाकट्या भावाला गोवर निघाला. गोवर म्हंजी देवी आली, तिला सुई टोचायची न्हाय, अशी गावाची समजूत. गोवर मावळला, पण छाती भरली. पोरगं घरघरायला लागलं. तिसऱ्या रात्री आबा उठले, शिवेवरच्या म्हसोबापुढं उभे राहिले आणि बोलून आले, ‘पोरगं वाचव. बोकड कापीन, गावाला जेवू घालीन.’ पहाटे गाडी जुंपून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं आठ दिवस इंजेक्शनं दिली. पोरगं वाचलं. डॉक्टरला आबांनी हात जोडले, पण नाव झालं म्हसोबाचं.

पुढच्या साली पाऊस झाला. पेरणी तोंडावर आली आणि आबांची झोप उडाली. भावाला नुसती शिंक आली तरी ते दचकायचे. ‘फेडायचा राहिलाय. म्हसोबा पोरगं परत मागून घील.’ कडब्याची पेंडी पेंडी मोजून जगवलेल्या जोडीतला एक बैल त्यांनी बाजारात नेला. बोकड आलं, गाव जेवलं, ढेकर देऊन घरी गेलं. आमची पेरणी राहिली पैऱ्याच्या बैलावर. ज्याचा बैल त्याची पेरणी आधी. आमची पाळी आली तवर वाफसा उडाला होता. बाजरी उगवली ती म्हाताऱ्याच्या दाढीसारखी, हितं चार केस, तितं चार केस.

आजी माळकरी. एकादशी करून पंढरीहून परतली तेव्हा खुंटा रिकामा. तिनं आरडाओरडा केला नाही. बुक्क्याची पुडी कोनाड्यात ठेवली आणि आबांना म्हणाली, ‘आरं लेकरा, माझा इठ्ठल काय वही घिऊन बसलाय व्हय? चाळीस वर्सं चालती मी. काय आणलंस, म्हून त्येनं मला कवा इचारलं न्हाय. काय देतूस, म्हून मी बी त्येला इचारलं न्हाय.’

आबा म्हणाले, ‘आई, तुझा देव हात कमरंवर ठिवून उभा हाय. माझा देव हात पसरून हुबा हाय.’

माझं भांडण त्या पसरलेल्या हाताशी आहे. आणि तो हात देवाचा नाही, तो आपण त्याला चिकटवलेला आहे, हे मला ओरडून सांगायचंय. सावकार फार तर जमीन घेतो. फेडलं नाही म्हणून लेकरू उचलून नेणारा देव सावकारापेक्षाही हलका झाला की! आणि अशी कल्पना करणाऱ्याला आपण श्रद्धाळू म्हणतो. माझ्या मते देवाची याहून मोठी निंदा कुठल्या नास्तिकानं केलेली नाही.

शहरातल्या वाचकांनी ‘अडाणी लोकांचं असंच चालायचं’ म्हणून हसू नये. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाचा मोठा गणिती होऊन गेला. त्यानं पैजेचा हिशेब मांडला होता: देव आहे असं मानून चाललात आणि तो निघाला, तर अमाप लाभ, नाहीच निघाला, तर तोटा थोडाच. म्हणून मानलेलं बरं. कॉलेजात हे ऐकलं तेव्हा मला आबांचा बोकड आठवला. हा शिकलेल्या माणसाचा नवस. व्हिसा मिळावा म्हणून अकरा मंगळवार अनवाणी चालणारा इंजिनिअर आणि माझे आबा यांच्यात फरक एवढाच, की इंजिनिअरचा बैल जात नाही.

कुणी म्हणतं, भीतीनं का होईना, माणूस नीट तरी वागतो. कुठं वागतो? आमच्या गावच्या सावकारानं देवाला चांदीचे डोळे वाहिले आणि व्याजाचा दर तोच ठेवला. वहीचा देव असला की हे सोपं जातं. देवाशी हिशेब मिटला, की माणसांशी मिटवायची गरज उरत नाही. वर पावती मिळते ती निराळीच.

आजीच्या देवाची बाजू घेतो म्हणून त्याच्या दारातले लोक निर्मळ होते असं मी म्हणणार नाही. चोखोबांची समाधी पायरीपाशी, देवळाच्या बाहेर आहे. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपाशी राहावं लागलं. देवाला काही नको होतं. हक्क पाहिजे होता तो माणसांना.

आता माझी चूक सांगतो. चार पुस्तकं वाचून सुट्टीला आलो आणि आबांना ठणकावलं, ‘देव-बिव काही नसतो. बैल फुकट गेला.’ आबा विडी ओढत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘आसंल. पर मग त्या राती मी कुणापुढं जायाचं हुतं?’

मला उत्तर आलं नाही. गावात डॉक्टर नव्हता, खिशात पैसा नव्हता, दारात माणूस नव्हतं. शिवेवर एक शेंदराचा दगड तेवढा जागा होता. नवसाला हसणारानं आधी त्या रात्रीचं उत्तर द्यावं. मी आबांना उत्तर न देता हसलो, याची लाज अजून वाटते.

पण आता गावात डॉक्टर आहे, दारात मोटारसायकल आहे, आणि नवस कमी होण्याऐवजी वाढलेत. म्हणजे सगळाच दोष गरिबीवर ढकलता येत नाही. आपल्याला व्यवहाराशिवाय नातंच जोडता येईना, हे खरं दुखणं. घेणं-देणं नसेल तिथं आपल्याला करमत नाही, मग तो देव असो की भाऊ.

अरबांच्या बसरा शहरातल्या राबिया या सूफी बाईची गोष्ट सांगतात. ती एका हातात आग आणि दुसऱ्यात पाणी घेऊन निघाली होती. स्वर्ग जाळायचा आणि नरक विझवायचा, म्हणजे लोक लालच आणि भीती सोडून देवावर नुसतं प्रेम करतील. माझ्या आजीनं बसरा ऐकलं नव्हतं. पण दोघी वारीत भेटल्या असत्या तर एकमेकींच्या पाया पडल्या असत्या.

आणि आपल्या घरचंच बघा. तुकोबांचं घराणं सावकारीचं. आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. गाथा पाण्यावर तरली हे आपण टाळ कुटून सांगतो. खतं बुडाली आणि ती वर आली नाहीत, हे कुणी सांगत नाही. देवाकडं जाण्याआधी त्या माणसानं घरातल्या वह्या पाण्यात टाकल्या. आपण नवी वही घेऊन देवळात जातो.

ज्यांच्या घरी फेडायचा नवस राहिलाय आणि झोप लागत नाही, त्यांना माझं सांगणं आहे. बैल विकू नका. पेरणी करा, लेकराला सुई टोचा, देवळासमोरनं जाताना वाटलं तर हात जोडा. देव वसुलीला येणार नाही. आला, तर तो देव नव्हं.