पोरीच्या डोक्यातला गुंता



बेळगावात जन्मलो, इथंच बी.कॉम. झालो, आणि बँकेतली बहुतेक नोकरी याच जिल्ह्यातल्या शाखांमधून काढली. एरवी मी जुन्या बेळगावच्या आठवणी लिहितो. आज केसांवर लिहिणार आहे. हसू नका. सत्तरी ओलांडलेल्या आणि स्वतःच्या डोक्यावर मोजण्याइतकेच केस उरलेल्या माणसानं या विषयात पडावं, हे विनोदी आहेच. पण रोज सकाळी सात वाजता माझ्यापुढं सात वर्षांच्या नातीचं डोकं असतं. सूनबाईंना साडेसातला घर सोडावं लागतं, सौ.ची बोटं संधिवातानं वाकत नाहीत, मुलगा पहिल्या पाळीला गेलेला असतो. उरलो मी. कमरेपर्यंत केस, दाट म्हणजे मुठीत मावत नाहीत, आणि वर कुरळे.

तेव्हा अनुभवाचं आधी सांगतो, मताचं नंतर.

बहुतेक घरांत पोरीचे केस चुकीच्या टोकाकडून विंचरले जातात. कंगवा टाळूवर टेकवायचा आणि खाली ओढायचा. यात होतं काय, तर वरचे चार बारीक गुंते खाली सरकत जाऊन एकच मोठी गाठ होते, पोर किंचाळते, आणि आई म्हणते, "जरा गप बस की गं!" केसाचं बाहेरचं कवच कौलांसारखं असतं, खवल्यावर खवला, तोंडं टोकाकडं. ते खवले उचकटले की शेजारच्या केसात अडकतात. म्हणून सुरुवात टोकाकडून. शेवटची चार बोटं मोकळी करायची, मग त्याच्या वरची चार बोटं, असं चढत जायचं. एका हातानं बट गुंत्याच्या वर घट्ट धरायची, म्हणजे ओढ हाताला बसते, डोक्याला नाही. कंगवा मोठ्या दातांचा. बारीक फणी उवांसाठी ठेवा. गाठ आलीच तर आधी बोटं, थोडं खोबरेल, मग कंगव्याचं टोक. कात्री अगदी शेवटी.

आणखी एक. रोज ५० ते १०० केस गळणं हे कुणाच्याही डोक्याला धरूनच आहे. केस विंचरले की ते कंगव्यात येतात. चार दिवस विंचरले नाहीत तर ते जातात कुठं? कुठंच नाही. वेणीतच राहतात आणि जिवंत केसांना वेटोळे घालतात. आपल्याकडं पावसाळ्यात हे हमखास. जून ते सप्टेंबर केस वाळत नाहीत, ओल्याच केसांची घट्ट वेणी घालून पोर शाळेत जाते, वर रेनकोटची टोपी घासते. थंडीत स्वेटरची कॉलर आणि दप्तराचे पट्टे. म्हणून गुंता नेहमी मानेवर, मागच्या बाजूला धरतो, जिथं पोरीला दिसत नाही आणि आईला बघायला वेळ नसतो.

"मग कापून टाका की, कटकट जाईल," असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. पोरीलाच आखूड केस हवे असतील तर खुशाल कापा, छान दिसतात. पण सकाळची आपली वीस मिनिटं वाचावीत म्हणून कापत असाल तर पोरीला तसं खरं सांगा. "वाढ चांगली होते" वगैरे सांगू नका. कापल्यानं केस दाट होत नाहीत.

इथवर आजोबांचं कौतुक झालं. मी हे लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणानं.

आपल्या जिल्ह्यात केसांचा गुंता नेहमीच केसांचा गुंता राहत नाही. तो न सोडवता तसाच राहिला, घट्ट झाला, लोंबायला लागला, की त्याला 'जट' म्हणतात. आणि जट म्हटलं की आपल्याकडं सौंदत्तीचा डोंगर आला. जट म्हणजे यल्लम्मा आईचं बोलावणं. तिला कात्री लावायची नाही, कंगवा लावायचा नाही, भंडारा लावायचा. गंमत बघा, कन्नडात साध्या वेणीला 'जडे' म्हणतात. मूळ शब्द तोच, जटा. एक विंचरलेली, दुसरी न विंचरलेली.

ऐंशीच्या दशकात मी सौंदत्ती तालुक्यातल्या एका शाखेत होतो. माघातल्या भरत हुण्णिमेला डोंगराकडं जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग, हवेत उडणारा पिवळा भंडारा, 'उदो उदो'चा गजर. आमच्या घरातूनही डोंगरावर जाणं होतं, आजही जातो. श्रद्धेची चेष्टा करायला मी हे लिहीत नाही. त्या शाखेत एक बाई बचत खातं उघडायला आल्या. वय तिशीच्या आसपास, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, डोक्यावरून खांद्यापर्यंत आलेली दोरखंडासारखी जट. फॉर्मवर वडिलांचं किंवा पतीचं नाव लिहायचा रकाना होता. मी विचारलं. बाई म्हणाल्या, "यल्लम्मा लिहा." मी वर बघितलं. त्या हसत नव्हत्या. नंतर, दोन-चार वेळा येणं झाल्यावर, त्यांनी सांगितलं की आठव्या वर्षी केसात जट निघाली आणि पुढच्याच पौर्णिमेला त्यांना देवीला सोडलं. बस, एवढंच. पुढं काय झालं ते आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आठ वर्षांची पोर. म्हणजे माझ्या नातीपेक्षा एका वर्षानं मोठी.

कायदे आहेत. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला, तेव्हा बेळगाव त्याच इलाख्यात होतं. कर्नाटकानं १९८२ साली मुलींना देवाला सोडण्यावर बंदी घातली. पलीकडं महाराष्ट्राचा २००५ चा कायदा आहे. कायद्यांचा परिणाम झाला, नाही असं मी म्हणत नाही. पण कायदा लागू होतो सोडण्याच्या दिवशी. त्याच्या आधीचे काही महिने, जेव्हा एका पोरीच्या मानेवर नुसता न विंचरलेला गुंता असतो, तेव्हा तिथं कायदा नसतो. तिथं शेजारीपाजारी असतात. मावशी, काकू, शाळेच्या बाई, दुकानदार, आणि आपण.

आणि सोडलेल्या मुली बहुतेक कुणाच्या घरच्या, हेही बोलून टाकू. गरीब, दलित घरांतल्या. चांगल्या पगाराच्या घरात पोरीला गुंता झाला तर कंडिशनर येतं. रोजंदारीवरच्या आईच्या पोरीला झाला तर बोलावणं येतं. देवी एकच असून बोलावणं अशा हिशेबानं का यावं, हा प्रश्न बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला पडणारच.

दोन वर्षांमागची गोष्ट. आमच्याकडं कामाला येणाऱ्या बाईंची धाकटी मुलगी टायफॉइडनं तीन आठवडे अंथरुणावर होती. केस असेच दाट, लांब. आजारात कोण विंचरणार? वर गुंडाळून बांधून ठेवले. ताप उतरल्यावर सोडले तर मागं नारळाच्या सोडणासारखा गोळा. गल्लीतल्या एकीनं तातडीनं भंडारा लावला आणि बजावलं, "हात लावू नकोस, जट हाय." आमच्या बाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता रडायला लागल्या. "काका, हात लावायचं भ्या वाटतंय. घरात कुणाला काय झालं म्हंजे?"

ही भीती खोटी नसते. "अंधश्रद्धा आहे, सोडून द्या" असं म्हणून ती जात नाही. उलट त्या बाई आपल्याकडं पुन्हा तोंड उघडत नाहीत. मी त्यांना एक दोनशेपानी वही दिली. थोरला मुलगा आठवीत होता, तो लिहू शकत होता. म्हटलं, डाव्या पानावर गुंता व्हायच्या आधी वर्षभरात घरात काय काय वाईट झालं ते लिहून काढा. आणि गुंता सोडवला की त्या तारखेपासून वर्षभर उजव्या पानावर लिहीत जा. एकाच बाजूच्या नोंदी बघून कुणी हिशेब करत नाही. डावं पान त्याच संध्याकाळी भरलं. नवऱ्याचा पाय मोडला होता, शेळी मेली होती, पावसात भिंत पडली होती, मुलीचा टायफॉइड. हे सगळं डोकं नीट विंचरलेलं असताना झालेलं. बाईंनी ते पान दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या घेऊन येतो पोरीला."

चार संध्याकाळी लागल्या. पाणी लावायचं नाही, ओल्यानं असा गोळा जास्तच आवळतो. भरपूर खोबरेल लावून रात्रभर मुरू दिलं. मग सूनबाईंनी तो गोळा उभा फाडत, म्हणजे केसांच्या दिशेनं बोटांनी वेगळा करत, त्याचे आधी दोन, मग चार भाग केले. प्रत्येक भाग टोकाकडून. मी बट धरायला आणि पोरीला गोष्टी सांगायला. किती गळलेले केस निघाले म्हणून सांगू, परडीभर! तळहाताएवढा एक तुकडा काही केल्या सुटेना. तो कापावा लागला. कात्री आम्ही आईच्या हातात दिली. हे मुद्दाम. दुसऱ्यानं कापली असती तर पुढच्या प्रत्येक तापाचा दोष त्या दुसऱ्यावर आला असता आणि भीती तशीच राहिली असती.

आता थोडं लांबचं. आपल्याला वाटतं हे आपल्याच मातीतलं. युरोपात पोलंडमध्ये हाच प्रकार इतका होता की वैद्यकशास्त्रात अशा जटेचं नावच 'प्लायका पोलोनिका' पडलं. तिथंही लोक मानत की जट कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल, रोग शरीरात शिरेल. १९व्या शतकात क्राकोव शहरातल्या युझेफ डीटल नावाच्या डॉक्टरांनी हे थोतांड आहे म्हणून नेटानं मोहीम चालवली. पुढं ते त्याच शहराचे महापौर झाले. तिथं ना यल्लम्मा, ना भंडारा. मग पोलंडच्या शेतकऱ्याला बोलावणं कुणाचं येत होतं?

आपल्याकडं डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे काम गावोगाव केलं, अजून करतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी तर कित्येक बायकांना समजावून, त्यांच्या संमतीनं जटा काढल्या आहेत. मोठ्या माणसाची वर्षानुवर्षांची जट म्हणजे मानेवर ओझं, आत उवा आणि जखमा, कुशीवर झोपता येत नाही. तिथं कात्रीला पर्याय नसतो. पोरीच्या डोक्यातला पंधरा दिवसांचा गुंता मात्र बहुतेक वेळा तेलानं आणि चिकाटीनं सुटतो. म्हणूनच मी त्या पंधरा दिवसांबद्दल इतका आग्रही आहे.

आणि माझं भांडण आहे ते आपल्याशीच, म्हणजे शिकलेल्या, पेन्शनवाल्या, सीमाभागातल्या आपल्या मराठी माणसांशी. भाषेच्या प्रश्नावर आपण तासन् तास बोलतो, बोललंच पाहिजे. पण शेजारच्या पोरीच्या मानेवर गुंता दिसला की आपण एकतर बघत नाही, नाहीतर "त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे" म्हणून मोकळे होतो. काहीजण तर जट बघून हात जोडतात. परवा एका लग्नात चांगल्या शिकलेल्या गृहस्थांनी जोडलेले मी पाहिले. तुमच्या नमस्कारानं त्या घराचा उरलासुरला संशयही मिटतो, हे लक्षात घ्या. त्यापेक्षा बाटलीभर खोबरेल आणि मोठ्या दातांचा कंगवा घेऊन जा. न दुखावता विचारा, "मी सोडवून बघू का?" नाही म्हणाल्या तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा. जबरदस्ती नको, लपूनछपून कात्री तर मुळीच नको. पण पोरीला देवीला सोडायची भाषा कानावर आली तर मग भिडस्तपणा नको, सरळ पोलिसांत किंवा महिला व बालकल्याण खात्यात कळवा.

आमच्या बाई वर्षभरानं वही घेऊन आल्या. उजव्या पानावर पाचच नोंदी होत्या. एक चोरीला गेलेली सायकल, सासूबाईंचा दमा, दोनदा सर्दी-ताप, आणि मुलाचे गणितात कमी आलेले मार्क. "आता या वहीचं काय करू, काका?" म्हणाल्या. पाने पुष्कळ कोरी होती. म्हटलं, द्या त्यालाच गणितं सोडवायला.