परिचारिकेची जोडकमाई : नियम, गरज आणि आपण

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका केंद्रीय कार्यालयाची आस्थापना शाखा तेव्हा माझ्याकडे होती. त्या कार्यालयाच्या रुग्णालयातील एका मराठी परिचारिकेचा अर्ज माझ्यापुढे आला. सकाळची पाळी संपल्यावर रोज दोन तास वस्तीतील वृद्धांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करणे, डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे इंजेक्शन देणे आणि त्याचे माफक शुल्क घेणे, यासाठी तिने परवानगी मागितली होती. पतीची नोकरी सुटली होती, मुलगा इंजिनिअरिंगला होता. मी टिपण्णी लिहिली : शासकीय कर्मचाऱ्याचा पूर्ण वेळ शासनाचा असतो, सबब विनंती अमान्य करावी. ती अमान्य झाली.

वर्षभराने तिच्याविरुद्ध तक्रार आली. साखळी पद्धतीने माल विकणाऱ्या एका कंपनीची एजन्सी तिने पतीच्या नावाने घेतली होती आणि वॉर्डातील रुग्णांच्या नातेवाइकांना ती प्रथिनांच्या पावडरीचे डबे घेण्याचा आग्रह करीत असे. खुलासा मागवला तेव्हा ती म्हणाली, "साहेब, जे मला येतं ते तुम्ही करू दिलं नाहीत. मग जे येत नव्हतं ते केलं." तिला लेखी समज देण्यात आली. त्या पत्राचा मसुदाही माझाच होता.

आज मागे वळून पाहताना वाटते की नियम मी अर्धाच वाचला होता. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, 1964 मधील नियम 15 खाजगी व्यापार व नोकरीविषयी आहे. त्यात सरसकट मनाई नाही. शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय असे काम करू नये, असे तो सांगतो. म्हणजे मंजुरी देणे शक्य आहे, हे नियमानेच गृहीत धरले आहे. मूलभूत नियम 46 मध्येही खाजगी व्यक्तीचे काम परवानगीने करून शुल्क घेण्याची सोय आहे. परंतु आम्ही अधिकारी 'पूर्वमंजुरी' हा शब्द 'मनाई' असाच वाचतो, कारण नकार देणाऱ्याला पुढे कोणी जाब विचारत नाही.

याच नियमानुसार सामाजिक वा धर्मादाय स्वरूपाचे मानसेवी काम परवानगीशिवाय करता येते. शेजारच्या आजोबांचे ड्रेसिंग परिचारिकेने फुकट केले तर ती समाजसेवा. शंभर रुपये घेतले तर गैरवर्तन. डॉक्टरांच्या बाबतीत मात्र शासनाने वेगळा विचार केला. खाजगी व्यवसाय न करण्याबद्दल केंद्र सरकारच्या डॉक्टरांना स्वतंत्र भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो मूळ वेतनाच्या 20 टक्के आहे. परिचारिकांनाही नर्सिंग भत्ता आहे, पण तो या त्यागाची भरपाई म्हणून दिलेला नाही. डॉक्टरच्या सोडलेल्या संध्येला किंमत आहे आणि परिचारिकेच्या नाही, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

हा प्रश्न केवळ सरकारी परिचारिकांचा नाही. त्यांना निदान वेतनश्रेणी असते. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशावरून केंद्राने समिती नेमली. 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन असावे आणि 50 खाटांहून लहान रुग्णालयातही ते दरमहा 20,000 रुपयांच्या खाली नसावे, अशी शिफारस समितीने केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. तेव्हा परिचारिका जोडधंदा शोधू लागते याचा पहिला अर्थ, तिच्या मुख्य धंद्यात तिला पुरेसे मिळत नाही, हाच आहे.

अशा परिचारिकेला लोणची-पापड, शिवणकाम, विमा एजन्सी असे सल्ले भरपूर मिळतात. अर्थशास्त्रात संधित्याग खर्च नावाची कल्पना आहे : एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागते, तिची किंमत. ज्या तासात परिचारिका आपले शिकलेले कौशल्य विकू शकते, त्या तासात तिने पापड लाटणे हे तिचेही नुकसान आहे आणि समाजाचेही. समजा, घरी जाऊन केलेल्या ड्रेसिंगचे 250 रुपये मिळतात. दिवसाला दोन घरे आणि महिन्याला वीस दिवस धरले तर 10,000 रुपये होतात. त्यासाठी भांडवल लागत नाही. मात्र रात्रपाळीनंतरची झोप यातून वजा करता कामा नये. पेंगुळलेली परिचारिका चुकीची मात्रा देऊ शकते.

या कामाला मागणी किती आहे, हे जबलपूरला राहणाऱ्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही. नेपियर टाऊन, राइट टाऊन भागांतील कितीतरी घरांत आता दोनच माणसे उरली आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा साता समुद्रापलीकडे. शहरात मेडिकल कॉलेज आहे, रेल्वेचे आणि लष्कराचे रुग्णालय आहे. प्रशिक्षित हात आहेत. पण ते हात आणि ती घरे यांच्यामध्ये आमच्यासारख्यांच्या टिपण्ण्या उभ्या आहेत. ती जागा मग ब्युरोने पाठवलेली, अनेकदा अप्रशिक्षित, माणसे भरून काढतात.

वाममार्गाची कमाई कुठवर जाते, तेही याच शहराने पाहिले आहे. मध्यप्रदेशातील नर्सिंग महाविद्यालयांचे प्रकरण येथील उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा एकाच शिक्षकाचे नाव अनेक महाविद्यालयांच्या यादीत दाखवल्याचे आरोप झाले. 2024 मध्ये तर तपास करणाऱ्या सीबीआयच्याच काही अधिकाऱ्यांना लाचेच्या आरोपावरून अटक झाली. आपले प्रमाणपत्र कोणाच्या कागदावर भाड्याने देणे हा जोडधंदा नव्हे. पुढच्या पिढीच्या रुग्णांशी केलेला तो द्रोह आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. नोंदणीकृत परिचारिकेच्या अर्जावर तीस दिवसांत निर्णय व्हावा. स्वतःच्या रुग्णालयातील रुग्ण घ्यायचा नाही, आठवड्याला ठरावीक तासच काम करायचे, रात्रपाळीनंतर विश्रांती घ्यायची, शुल्काची पावती द्यायची, एवढ्या अटींवर परवानगी मिळावी. वस्तीत किंवा परीक्षार्थींना शिकवण्याचे कामही यातच यावे. मात्र रुग्णाला औषधे वा पावडरी विकणे, तपासणी केंद्राकडून कमिशन घेणे आणि चिठ्ठीशिवाय औषध देणे यांना क्षमा नसावी.

आणि दूर राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. आईसाठी परिचारिका ठेवताना तिचे नोंदणी प्रमाणपत्र पाहा. तुम्ही दिलेल्या रकमेतले तिच्या हातात किती पडतात, हे ब्युरोला विचारा. चार पैसे कमी करून घेतल्याचा आनंद मानू नका. तुमच्या जागी ती आईच्या उशाशी बसते आहे.

त्या परिचारिकेचा अर्ज आज आला असता तर मी मंजुरीची शिफारस केली असती. तेव्हाही त्यासाठी नवा नियम लागत नव्हता.